चढउताराचा व्यापार



व्यापाऱ्याच्या घरात भावाची भाषा मुलाच्या कानावर पाळण्यातच पडते. गूळ चढला की उतरला, सरकीला मागणी आहे की नाही, सोने आज काय भावाने उघडले, ह्या प्रश्नांच्या सहवासातच आमच्या पिढ्या वाढल्या. ह्या सर्व प्रश्नांत एक गोष्ट समान होती. माल घेऊन ठेवणारा भाव वाढेल ह्या आशेने घेई आणि विकून मोकळा होणारा तो उतरेल ह्या भयाने विकी. बाजारास दिशा असते व ती वेळीच ओळखणे हेच व्यापाऱ्याचे कौशल्य, अशी आमची समजूत होती. आज मात्र असा एक व्यापार रूढ झाला आहे की, ज्यात भाव वर जाईल की खाली, हा प्रश्न गौण ठरतो. प्रश्न एवढाच असतो की, भाव हलेल किती? ह्या हालचालीचीच किंमत ठरते, तीच विकली जाते आणि तीच विकत घेतली जाते. त्यालाच आपण चढउताराचा व्यापार म्हणू.

हा विषय स्मरणिकेसाठी निवडण्याचे कारण दूरचे नाही. आमच्या कित्येक घरांतील तरुण मंडळी आज गल्ल्यावर बसल्या बसल्या हातातील मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करीत असतात. नफा झाला की तो सायंकाळी जेवताना सांगितला जातो. तोटा झाला तर तो पुष्कळदा पुढे कधीतरी खातेवहीतच सापडतो. वडीलधाऱ्यांनी नुसते ‘हा जुगार आहे’ असे म्हटल्याने मुलांचे समाधान होत नाही, आणि ते योग्यही नव्हे. कारण ह्या साधनांचा उचित उपयोगही आहे. तेव्हा ह्या व्यापाराची घडण काय, त्यात पैसा कोणाकडून कोणाकडे जातो आणि मुद्दल कोठे बुडते, एवढे तरी थोरांनी व लहानांनी एकत्र बसून समजून घ्यावे, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुनी तेजी-मंदी आणि नवे ऑप्शन

ऑप्शन हा शब्द नवा असला तरी वस्तू नवी नाही. कापसाच्या व सोन्याचांदीच्या बाजारात ‘तेजी’ आणि ‘मंदी’ लावणे हा प्रकार आमच्या आजोबा-पणजोबांस चांगला ठाऊक होता. ठरावीक रक्कम देऊन अमुक भावाने माल घेण्याचा हक्क पदरात पाडून घेणे ही तेजी. तशीच रक्कम देऊन अमुक भावाने माल विकण्याचा हक्क घेणे ही मंदी. हक्क वापरावयाचा की सोडून द्यावयाचा, हे रक्कम देणाऱ्याच्या इच्छेवर. रक्कम घेणारा मात्र बांधलेला. आजच्या भाषेत पहिल्यास कॉल, दुसऱ्यास पुट आणि त्या रकमेस प्रीमियम म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात इसार देऊन ठेवणारा मनुष्य सौदा नको झाला तर इसार सोडून देतो, त्यासारखेच हे आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हे सौदे बंद केले. १९५२ च्या वायदे सौद्यांच्या कायद्याने मालातील तेजी-मंदीस मनाई झाली आणि १९५६ च्या रोखे कायद्याने शेअरांतील. शेअरांवरील ही बंदी १९९५ मध्ये उठली. जून २००१ पासून निर्देशांकावरील ऑप्शन भारतात सुरू झाले आणि मालाच्या वायद्यांवरील ऑप्शनही २०१७ मध्ये परत आले. म्हणजे मधली कित्येक दशके हा धंदा कायद्याच्या पडद्याआड होता, आणि त्यामुळे बापाकडून मुलाकडे जाणारे त्याविषयीचे शहाणपण मात्र खंडित झाले.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेअरचा भाव १,००० रुपये आहे. महिन्याच्या मुदतीचा १,००० चा कॉल २५ रुपयांस आणि १,००० चा पुट २५ रुपयांस मिळतो. कोणी दोन्ही घेतले तर त्याचे ५० रुपये गेले. मुदत संपताना भाव १,१०० झाला तर कॉलचे १०० रुपये येतील. ९०० झाला तर पुटचे १०० येतील. दोन्ही प्रसंगी ५० रुपये नफा. परंतु भाव ९५० ते १,०५० ह्या दरम्यान घुटमळत राहिला तर तोटा. हा सौदा तेजीचाही नाही आणि मंदीचाही नाही. तो केवळ हालचालीचा आहे. उलट ज्याने दोन्ही ऑप्शन विकले, त्याने ‘बाजार शांत राहील’ ह्या एका वाक्यावर ५० रुपये घेतले. बाजार शांत राहिला तर त्याचा नफा जास्तीत जास्त ५० रुपये. बाजार उसळला किंवा कोसळला तर तोट्यास ठरावीक मर्यादा नाही. ह्या असमतोलावर लक्ष ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

अस्थिरतेचे माप

वरील ५० रुपयांत बाजाराची भीती दडलेली आहे. लोकांस मोठ्या हालचालीची धास्ती वाटली की तेच दोन ऑप्शन ८० रुपयांस मिळतील. सर्व निवांत असले तर ३० रुपयांस. म्हणजे ऑप्शनच्या भावावरून बाजारास पुढे किती चढउतार अपेक्षित आहे, हे उलट हिशेबाने काढता येते. ह्याच तत्त्वावर शिकागो येथील ऑप्शनच्या बाजाराने १९९३ मध्ये एक निर्देशांक सुरू केला. त्यास व्हिक्स म्हणतात. २००३ पासून तो अमेरिकेतील ५०० मोठ्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांकावरील अनेक ऑप्शनांच्या भावांवरून, पुढील तीस दिवसांचा अंदाज म्हणून काढला जातो. भारतात राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टीच्या ऑप्शनांवरून इंडिया व्हिक्स २००८ मध्ये सुरू केला.

हा आकडा वर्षाच्या टक्क्यांत सांगितला जातो, म्हणून तो वाचण्याची एक सोपी युक्ती ध्यानात ठेवावी. वर्षात बाजाराचे सुमारे २५२ दिवस असतात आणि २५२ चे वर्गमूळ सुमारे १६ येते. म्हणून व्हिक्सच्या आकड्यास १६ ने भागले की दररोजच्या अपेक्षित हालचालीचा अंदाज मिळतो. व्हिक्स १६ असेल तर साधारणपणे दर तीन दिवसांपैकी दोन दिवस बाजार एक टक्क्याच्या आत हलेल, असे ऑप्शनचे भाव सांगत आहेत. ३२ असेल तर हीच मर्यादा दोन टक्क्यांची.

हा आकडा कोठून कोठे जाऊ शकतो ते पाहावे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी अमेरिकेतील व्हिक्स ९.१४ वर बंद झाला. तत्पूर्वी २० नोव्हेंबर २००८ रोजी, बँकांच्या महासंकटात, तो ८०.८६ वर बंद झाला होता. पुढे १६ मार्च २०२० रोजी, महामारीच्या धास्तीत, ८२.६९ वर. आपला इंडिया व्हिक्सही मार्च २०२० मध्ये ८० च्या वर गेला होता. त्या महिन्याच्या २३ तारखेस निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्क्यांनी कोसळला. ह्या आकड्याचे दोन स्वभावधर्म आहेत. एक, शेअर कोसळतात तेव्हा तो उसळतो. दुसरा, तो झपाट्याने चढतो आणि हळूहळू उतरतो. भीती एका रात्रीत येते. विश्वास परत यावयास महिने लागतात.

हप्ता कोण भरतो, विमा कोण देतो

चढउताराच्या व्यापारातील दोन पक्ष म्हणजे विमा घेणारा आणि विमा देणारा, असे समजल्यास पुष्कळ गोष्टी उलगडतात. ज्याच्याजवळ शेअर आहेत, तो घसरणीच्या भयाने पुट घेतो. तो गोदामाचा आगीचा विमा उतरविणाऱ्या व्यापाऱ्यासारखा आहे. बहुतेक वर्षे आग लागत नाही व हप्ता वाया जातो, पण त्याची त्यास खंत नसते. पुट विकणारा हा विमा कंपनीच्या जागी आहे. तो दरमहा हप्ता गोळा करतो. विमा देणाऱ्याने काही नफा घेतल्याशिवाय विमा कोण देईल? म्हणून ऑप्शनच्या भावात दडलेली अपेक्षित अस्थिरता ही सरासरीने प्रत्यक्ष घडणाऱ्या अस्थिरतेपेक्षा थोडी अधिकच असते. हाच अस्थिरता विकणाऱ्याचा नफा. तो खरा आहे. ती काही फसवणूक नव्हे.

मग बिघडते कोठे? विमा कंपनी एका गावातील एका गोदामाचा विमा देत नाही. ती हजारो ठिकाणची हजारो गोदामे घेते, कारण सर्व गोदामांस एकाच रात्री आग लागत नाही. शेअर बाजारात मात्र लागते. ज्या दिवशी घसरण येते, त्या दिवशी ती बहुतेक सर्व शेअरांत येते आणि विकलेले सर्व पुट एकदमच दाराशी उभे राहतात. शिवाय विमा कंपनी राखीव निधी बाजूस ठेवते; ऑप्शन विकणारा किरकोळ मनुष्य ब्रोकरने मागितलेले मार्जिन भरले की आपले काम झाले असे मानतो. दहा महिने हप्ता मिळाला की त्यास तो आपल्या हुशारीचा पगार वाटू लागतो आणि अकराव्या महिन्यात तो दुप्पट ऑप्शन विकतो.

ह्याचे एक मोठे उदाहरण बेरिंग्ज बँकेचे आहे. १७६२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली ही पेढी व्यापाऱ्यांचीच होती. तिच्या सिंगापूर शाखेतील निक लीसन ह्या कर्मचाऱ्याने जपानच्या निक्केई निर्देशांकावरील कॉल आणि पुट दोन्ही मोठ्या प्रमाणावर विकून ठेवले होते. त्याने मागील तोटा लपविलेला होताच. बाजार शांत राहिला असता तर प्रीमियमने तो भरून निघेल, अशी त्याची आशा होती. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे येथे मोठा भूकंप झाला आणि पुढील दिवसांत निक्केई कोसळला. बाजार सावरेल ह्या भरवशावर त्याने वायद्याची खरेदी वाढवीत नेली. फेब्रुवारी संपण्यापूर्वी ८२ कोटी पौंडांहून अधिक तोटा उघड झाला आणि दोनशे तेहतीस वर्षांची ती पेढी एका डच कंपनीने नाममात्र एका पौंडास घेतली. भूकंपाचे भाकीत कोणीही करू शकला नसता, हे खरे. परंतु ज्याचे भाकीत करता येत नाही, त्याचाच विमा आपण देत आहोत, हे विकणाऱ्याने विसरू नये.

अस्थिरतेचे फंड

आता दुसऱ्या साधनाकडे वळू. ईटीएफ म्हणजे शेअरांची, सोन्याची किंवा रोख्यांची एक टोपली. तिचे तुकडे शेअरप्रमाणेच दिवसभर बाजारात घेता-विकता येतात. भारतात निफ्टीवरील पहिला ईटीएफ २००१ च्या अखेरीस निघाला. निफ्टीचा किंवा सोन्याचा ईटीएफ हे सरळ साधन आहे: टोपलीत जो माल, तोच भाव.

परंतु व्हिक्स हा माल नाही. तो हिशेबाचा आकडा आहे. तो गोदामात भरून ठेवता येत नाही. म्हणून व्हिक्सवर फंड काढावयाचा तर त्याच्या वायद्यांचा आश्रय करावा लागतो. हे वायदे शिकागोस २००४ मध्ये सुरू झाले आणि त्यांवर आधारलेला व्हीएक्सएक्स नावाचा रोखा जानेवारी २००९ मध्ये बाजारात आला. जवळच्या महिन्याचा वायदा दररोज थोडा विकावयाचा आणि पुढच्या महिन्याचा तेवढाच घ्यावयाचा, अशी त्याची रीत.

येथे व्यापाऱ्याने आपला अनुभव वापरावा. हळदीचा किंवा गुळाचा पुढचा वायदा जवळच्याहून चढा असतो, तेव्हा त्या फरकात गोदामाचे भाडे, व्याज आणि घट असते. व्हिक्सला गोदाम नाही, व्याज नाही, घटही नाही. तरीही शांत काळात त्याचा पुढचा वायदा बहुधा चढाच असतो. तो फरक म्हणजे निव्वळ भीतीचा हप्ता. समजा, जवळचा वायदा १४ आहे आणि पुढचा १५. काहीच घडले नाही तर महिन्याने आजचा १५ चा वायदा १४ वर येऊन ठेपेल. फंडाने १५ ला घेतलेला माल १४ ला गेला. सुमारे साडेसहा टक्क्यांहून थोडी अधिक झीज. असेच बारा महिने चालले तर १०० रुपयांचे सुमारे ४४ रुपये उरतील, आणि ह्या काळात व्हिक्स स्वतः जेथल्या तेथेच असेल. म्हणून ‘बाजार कधीतरी कोसळेलच’ असे म्हणून असा फंड वर्षानुवर्षे धरून बसणारा मनुष्य बरोबर ठरूनही बुडतो. व्हीएक्सएक्सची किंमत इतकी झिजत गेली की त्याची अनेक युनिटे मिळून एक युनिट करण्याचा प्रसंग वारंवार आला.

ज्या अर्थी घेणारा झिजतो, त्या अर्थी विकणारा फुगला पाहिजे. ह्या विचारातून उलटे रोखे निघाले. व्हिक्सचे वायदे एका दिवसात जितके टक्के उतरतील, तितके टक्के ह्या रोख्याने चढावे, अशी त्यांची रचना. त्यांतील एक्सआयव्ही हा २०१० मध्ये निघालेला रोखा सर्वांत प्रसिद्ध झाला. व्हिक्स हीच अक्षरे उलटी लिहून त्याचे नाव केलेले होते. २०१७ हे वर्ष अमेरिकेत विलक्षण शांत गेले आणि त्या एका वर्षात ह्या रोख्याचा भाव पावणेतीन पटींहून अधिक झाला. घरबसल्या मिळणारा हा नफा पाहून सामान्य लोक त्यात शिरले. ह्या रोख्याच्या माहितीपत्रकातच दीर्घ काळात त्याचे अपेक्षित मूल्य शून्य असल्याचे छापलेले होते. पण माहितीपत्रक वाचतो कोण?

५ फेब्रुवारी २०१८

त्या सोमवारी अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ४.१ टक्क्यांनी घसरला. घसरण मोठी खरी, पण अभूतपूर्व नव्हे. व्हिक्स मात्र १७.३१ वरून ३७.३२ वर गेला. एका दिवसात ११५ टक्क्यांहून अधिक वाढ. एवढी उसळी कशाने आली? तिचे एक मोठे कारण त्या फंडांच्या पोटातच होते.

हिशेब सोपा आहे. उलट्या फंडाजवळ १०० रुपये भांडवल आहे आणि त्याने १०० रुपयांचे वायदे विकलेले आहेत. वायदे १० टक्के चढले. फंडास १० रुपये तोटा. भांडवल राहिले ९०, पण विकलेल्या वायद्यांची किंमत झाली ११०. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबरीचे प्रमाण राखावयाचे तर २० रुपयांचे वायदे त्यास विकत घ्यावे लागतात. आता दुप्पट चढणारा सुलटा फंड पाहा. त्याजवळ १०० रुपये भांडवल व २०० चे वायदे. वायदे १० टक्के चढले, नफा २०. भांडवल १२०, वायदे २२०. दुप्पट राखण्यास २४० हवेत. म्हणजे तोही २० रुपयांचे वायदे विकत घेतो. एक तेजीवाला, एक मंदीवाला. पण दिवस संपताना दोघेही एकाच बाजूस, एकाच घाईने, खरेदीस उभे. ही खरेदी किती होणार आणि केव्हा होणार, हे बाजारातील प्रत्येक जाणत्या मनुष्यास आधीच ठाऊक. अशा वेळी माल असणारा भाव कसा लावतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

शेअर बाजार दुपारी चारला बंद झाला. वायद्यांचा त्या दिवसाचा बंद भाव ठरावयास आणखी पाव तास होता. त्या पाव तासात वायदे भडकले. फंडांच्या खरेदीने भाव चढला; भाव चढल्याने आणखी खरेदी करणे भाग पडले; त्या खरेदीने भाव पुन्हा चढला. शुक्रवारी ११५.५५ डॉलरवर बंद झालेल्या एक्सआयव्हीचे मूल्य सोमवारच्या हिशेबाअखेर ४.२२ डॉलर उरले. एका दिवसात शंभरातील ८० टक्के मूल्य गेल्यास रोखा काढणाऱ्या बँकेस तो गुंडाळण्याचा हक्क राहील, असे कलम करारात होते; त्याप्रमाणे क्रेडिट सुईस बँकेने तो त्याच महिन्यात गुंडाळला. दुसऱ्या कंपनीचा उलटा फंड वाचला, परंतु नव्वद टक्क्यांच्या आसपास मूल्य गमावूनच. पुढे त्याने आपले प्रमाण अर्ध्यावर आणले.

आता ह्यातील खरा धडा लक्षात घ्यावा. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये एस अँड पी ५०० ने नवा उच्चांक गाठला. ज्यांनी साधा निर्देशांकाचा ईटीएफ धरला होता, त्यांचे काही महिन्यांत सर्व भरून निघाले. ज्यांनी शांततेचा रोखा धरला होता, त्यांचे काहीच भरून निघाले नाही. कारण भरून निघण्यास जो टिकून राहावा लागतो, तो रोखाच उरला नव्हता. ‘बाजार शेवटी सावरतो’ हे त्यांचे भाकीत खरे ठरले आणि तरीही ते बुडाले.

आपल्याकडील स्थिती

भारतात असे उलटे किंवा दुप्पट चालणारे अस्थिरतेचे फंड रूढ नाहीत. इंडिया व्हिक्सचे वायदे २०१४ मध्ये सुरू झाले होते, पण ते रुजले नाहीत. म्हणून आपल्याकडे अस्थिरतेचा व्यापार मुख्यतः निफ्टी आणि सेन्सेक्स ह्यांच्या ऑप्शनांतच होतो. नाव निराळे, पण वस्तू तीच: जो ऑप्शन घेतो, तो हालचाल घेतो, जो विकतो, तो शांतता विकतो.

४ जून २०२४ चे उदाहरण बहुतेकांच्या स्मरणात असेल. लोकसभा निवडणुकीची मतमोजणी त्या दिवशी होणार, हे सर्वांस ठाऊक होते. तारीख ठाऊक असल्याने भीतीचा हप्ता अगोदरच भावात भरलेला होता. त्या दिवशी निफ्टी सुमारे ६ टक्के घसरला आणि इंडिया व्हिक्स उसळला. पण निकाल कळताच भीतीचे कारण सरले आणि दुसऱ्याच दिवशी तो २० च्या खाली आला. ठरलेल्या प्रसंगाच्या पूर्वी महाग ऑप्शन घेणाऱ्याचे असे होते की, प्रसंग सरताच प्रीमियममधील भीतीचा भाग एका रात्रीत विरघळतो. दिशा ओळखणारासुद्धा त्यामुळे फसतो. आणि त्या आधी दोन आठवडे निश्चिंतपणे पुट विकणारा त्या एका दिवशी फसतो.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतील आकडे प्रत्येक घरात वाचले जावेत असे आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनांचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांस तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. दर तोटेवाल्यामागे सरासरी सुमारे दोन लाख. सर्व खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळविणारे शेकडा एकच होते. समोरच्या बाजूचा नफा मुख्यतः मोठ्या संस्थांकडे गेला, आणि त्यांचे बहुतांश सौदे संगणकच करतात. ह्यानंतर नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने सौद्याची किमान किंमत १५ लाख रुपये केली आणि साप्ताहिक मुदतीचे सौदे एका बाजारास एकाच निर्देशांकापुरते मर्यादित केले. कायदा आपल्यापरीने कुंपण घालतो. परंतु कुंपणाच्या आतील शेत राखावयाचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

उचित उपयोग आणि काही नियम

ह्यावरून ऑप्शनांस हातच लावू नये, असा निष्कर्ष काढावयाचा नाही. समजा, एका कुटुंबाने मुलीच्या उच्च शिक्षणासाठी ठेवलेले २० लाख रुपये निफ्टीच्या ईटीएफमध्ये आहेत आणि ते तीन महिन्यांनी लागणार आहेत. मधल्या काळापुरता त्या रकमेच्या बेताने पुट घेऊन ठेवणे हा शहाणपणाचा विमा होऊ शकेल. परंतु तोच विमा कायम चालू ठेवला आणि त्यास समजा दरमहा एक टक्का खर्च आला, तर वर्षास बारा टक्के गेले. शेअरांपासून तेवढे उत्पन्न तरी होते काय, हे विचारावे. पुष्कळदा स्वस्तात स्वस्त विमा म्हणजे लवकर लागणारी रक्कम मुळात शेअरांत न ठेवता मुदत ठेवीत ठेवणे हाच असतो.

अनुभवी मंडळींच्या बोलण्यातून निघणारे काही नियम येथे देतो. ते नवे नाहीत. जुन्याच व्यापारी शिस्तीचे आहेत.

पहिला, ह्या व्यवहारांची खातेवही निराळी ठेवावी. दलाली व कर धरून महिनाअखेर जमाखर्च जुळवावा आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी तो दाखवावा. जो तोटा घरात सांगता येत नाही, तो वाढतोच.

दुसरा, न झाकलेला ऑप्शन विकू नये. विकावयाचाच असेल तर त्यापलीकडचा एक ऑप्शन घेऊन तोट्यास तळ करून ठेवावा; नफा थोडा कमी होईल, पण जास्तीत जास्त तोटा किती हे आरंभीच कागदावर लिहिता येईल.

तिसरा, सौदा करण्यापूर्वी ‘मला काय मिळेल’ ह्याआधी ‘उद्या सकाळी बाजार दहा टक्के खाली उघडला तर मला काय द्यावे लागेल’ हा आकडा काढावा. तो आकडा देण्याची ऐपत नसेल तर तो सौदा आपला नव्हे.

चौथा, दररोजच्या हिशेबावर चालणारे उलटे किंवा दुप्पट फंड परदेशांत मिळत असले तरी ते घरात ठेवण्याचे साधन नव्हे. निर्देशांक १०० वरून ११० व पुन्हा १०० झाला तर सरळ धरणाऱ्याचे काही जात नाही. परंतु उलटा फंड ९० होऊन ९८.१८ वर येतो आणि दुप्पट फंड १२० होऊन तोही ९८.१८ वरच येतो. नुसत्या चढउतारानेच दोघांचे मुद्दल खाल्ले.

पाचवा, जे घेत आहोत तो फंड आहे की बँकेने काढलेला कर्जरोखा, आणि तो केव्हा गुंडाळता येईल, हे माहितीपत्रकात वाचावे. कलम वाचण्याचा आळस दुकानाचा भाडेकरार करताना आपण करीत नाही; येथेच का करावा?

सहावा, आणि सर्वांत महत्त्वाचा. दुकानाच्या खेळत्या भांडवलास, शेतकऱ्याच्या किंवा अडत्याच्या देण्यास आणि उसन्या पैशास ह्या व्यापाराची हवाही लागू देऊ नये. शेअर बाजारात बुडालेली रक्कम परत मिळविता येईल. बाजारपेठेत चुकलेला वायदा आणि त्याबरोबर गेलेली पत परत मिळविण्यास एक पिढी लागते.

व्यापारात जोखीम टाळता येत नाही, आणि टाळू पाहणारा व्यापारीही होत नाही. जोखीम कोणती, तिची किंमत काय, आणि ती किंमत आपणास मिळत आहे की आपण देत आहोत, हे मात्र माहीत असले पाहिजे. ज्या घरात ह्या तीन प्रश्नांची उत्तरे सौद्यापूर्वी मोकळेपणाने बोलली जातात, त्या घरातील मुलाच्या हातात मोबाइल असला तरी वडिलांनी निश्चिंत झोपावे. ज्या घरात ती बोलली जात नाहीत, तेथे आज रात्रीच जेवणानंतर हा लेख वाचून बोलणे सुरू करावे, एवढीच विनंती.